परसातील कुक्कुटपालन : नव्या कळपातील रोग

परसातील कोंबड्या हे अल्प भांडवलाचे पूरक उत्पन्न होय. मात्र बाजारातून आणलेला एक रोगी पक्षी सारे खुराडे रिकामे करू शकतो. म्हणून नवे पक्षी किमान ३ आठवडे वेगळे ठेवावेत आणि जुन्या कळपाची निगा आधी करून मगच त्यांच्याकडे जावे.

ऋतूचेही भान हवे. तमिळनाडूतील कुंभकोणम परिसरात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. त्यामुळे महाराष्ट्रात आषाढ-श्रावणात घ्यावयाची दक्षता तेथे दिवाळीच्या सुमारास घ्यावी लागते. खुराड्यातील तूस ओले राहिल्यास रक्ती हगवण बळावते. विष्ठेत रक्त दिसताच पशुवैद्यांकडून औषध घेतल्यास बरेच पक्षी वाचतात.

धाप, हिरवट विष्ठा व वाकडी मान ही राणीखेत अर्थात मानमोडीची लक्षणे होत. या विषाणूजन्य रोगावर औषध नाही. लसीकरण हाच उपाय. पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात लसीचे थेंब देतात व सुमारे आठव्या आठवड्यात लस टोचतात.

अनेक पक्षी अचानक दगावल्यास उरलेले विकू नयेत, मेलेले उघड्यावर टाकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लक्षावधी पक्षी नष्ट करावे लागले. वेळीच दिलेली खबर आपल्याबरोबर शेजाऱ्याचेही भांडवल वाचविते.