मल्टिपल स्क्लेरोसिस : मेंदूतील दळणवळणाचा व्याधी व स्वेदनाचा विवेक

हातापायांस बधिरता, चालताना तोल जाणे, एका डोळ्याने अचानक अंधुक दिसणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या तरुण रुग्णांची, विशेषतः स्त्रियांची, गणना आपण सहजच वातव्याधीत करतो. त्यांपैकी काहींना मल्टिपल स्क्लेरोसिस असतो. १८६८ साली पॅरिस येथे शार्को यांनी या व्याधीचे सविस्तर वर्णन केले. प्रस्तुत लेखात त्याची संप्राप्ती पाहून चिकित्सकाने बाळगावयाची सावधानता मांडावयाची आहे.

संप्राप्ती

मेंदूतील केंद्रांना जोडणाऱ्या तंतूंवर मायलिन नामक स्निग्ध वेष्टन असते. त्यामुळे संदेश टप्प्याटप्प्याने उड्या घेत वेगाने जातो. या व्याधीत शरीराची प्रतिकारयंत्रणाच वेष्टनावर आघात करते. वेष्टन झडले की संदेश मंदावतो वा अडतो. तंतूच नष्ट झाल्यास तो मार्ग कायमचा बंद होतो. मेंदूतील पोकळ्यांभोवती व दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या तंतुपट्ट्यात अशा विकृती वारंवार आढळतात. म्हणून हातपायांबरोबर विचारांचा वेगही मंदावू शकतो.

एमआरआयवरील डागांची संख्या व लक्षणांची तीव्रता यांचा मेळ मात्र नेहमी बसत नाही. डाग कोणत्या मार्गावर पडला, हे महत्त्वाचे असते. शिवाय मेंदू काही काळ अन्य मार्ग कामास लावून उणीव भरून काढतो. ही राखीव शक्ती सरली की ऱ्हास उघड होतो.

शब्दसाम्याचा धोका

चरकाचार्यांनी वातप्रकोपाची धातुक्षय व मार्गावरण अशी दोन कारणे सांगितली आहेत. येथे ‘आवरण’ या शब्दाने फसू नये. मार्गावरणात वायूचा मार्ग अडतो; येथे तंतूचे संरक्षक वेष्टनच नाहीसे होते. हे चित्र मज्जाक्षयाच्या अधिक जवळचे वाटते, परंतु ते साम्यच होय, सिद्धता नव्हे.

चिकित्सेतील सावधानता

१) वातव्याधी म्हटला की आपण स्नेहन-स्वेदन योजतो. परंतु वेष्टनहीन तंतू जेमतेम संदेश वाहत असतो. शरीराचे तापमान किंचित वाढले तरी तो थांबतो. व्यायामाने दृष्टी तात्पुरती घटते, हे उथॉफ यांनी १८९० साली नोंदविले; उष्णतेनेही दृष्टी वा बळ तसेच तात्पुरते घटते. अशा रुग्णास बाष्पस्वेद, अवगाह वा कडक उन्हातील व्यायाम देऊ नये.

२) बहुतेक रुग्णांत आरंभी वेग येतो व काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्याच सुमारास आपले औषध चालू असल्यास यश आपलेच वाटते. प्रत्यक्षात दोन वेगांच्या मधल्या शांततेतही मेंदूत नवे डाग पडू शकतात.

३) व्याधीचा क्रम बदलणारी औषधे १९९३ पासून उपलब्ध होत गेली. ती आपल्या सांगण्यावरून बंद होता कामा नयेत. त्यांपैकी काही थांबविल्यास व्याधी अधिक जोराने उलटतो.

संशय येताच मज्जातंतुतज्ज्ञांकडे पाठवावे. आहार, निद्रा, थंड जागी बेताचा व्यायाम व मनाचा आधार यांत आपण त्यांचे सहकारी होऊ शकतो. येथे दवडलेला काळ म्हणजे पुन्हा न जुळणारे तंतू, हे आपण सर्वांनी ध्यानी ठेवावे.