हजेरीवही काय सांगते?

प्रश्न : रविवारच्या उपासनेची हजेरी आम्ही लिहून ठेवतो. तिचा उपयोग काय? – मंडळीचे चिटणीस, बदलापूर

उत्तर : नाताळ आणि ईस्टर वगळून सरासरी काढा. प्रत्येक तारखेपुढे मुसळधार पाऊस, शाळांची सुटी, मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक नोंदवा. उल्हासनगर-अंबरनाथहून लोकलने येणारी कुटुंबं त्या दिवशी अडकतात, म्हणजे मंडळी ओसरली असं होत नाही. एमआयडीसीत पाळीवर जाणारे ठरावीक रविवारी गैरहजर दिसले, तर संध्याकाळची उपासना किंवा घरगुती प्रार्थनासभा ठेवा. संडे स्कूलची मुलं वेगळी मोजा; शिक्षक किती हवेत ते कळेल. सलग तीन रविवार न आलेल्यांकडे पाळकांनी जावं, पण जाब विचारायला नको, ख्यालीखुशाली विचारायला. नावांची यादी मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.