पाऊस थांबल्यावरचा पूर

वळवाचा अथवा परतीचा पाऊस विजांच्या कडकडाटासह कोसळून थांबला, कीं भय सरलें असें आपण समजतों. ओढ्याच्या बाबतींत हा समज घातक आहे. कारण ओढ्यास पाणी येतें तें वरच्या डोंगरांतून, आणि तें आपणांपर्यंत पोहोंचण्यास कांहीं वेळ लागतो.

थोडें गणित करूं. एक चौरस किलोमीटर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा कोटि लिटर पाणी होतें. जमीन आधींच भिजलेली असली, किंवा डांबर व फरशी यांनीं झांकलेली असली, तर तें मुरत नाहीं. उतारानें धांवून एकाच अरुंद पात्रांत शिरतें. म्हणून घोटाभर ओढा पाहतां पाहतां पुरुषभर होतो.

पुणें शहरीं २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं हेंच घडलें. कात्रजकडून येऊन मुठेस मिळणारा आंबील ओढा एरवीं क्षुद्र दिसतो. त्या रात्रीं मुसळधार पावसानें तो कांठच्या वस्त्यांत शिरला. भिंती पडल्या, वाहनें वाहून गेलीं, अनेकांचे प्राण गेले. पुरास मोठी नदीच लागते असें नाहीं.

पाण्याचा वेग दुप्पट झाला, कीं त्याचा जोर चौपट होतो. सुमारें १५ सेंटिमीटर खोल वेगवान पाणी मोठ्या माणसास पाडूं शकतें. ६० सेंटिमीटर पाण्यांत बहुतेक मोटारी वाहून जातात.

तेव्हां हे नियम ध्यानांत ठेवावे. पाणी एकाएकीं गढूळ झालें, काटक्या व पाचोळा वाहूं लागला, किंवा वरच्या अंगानें घोंघावणारा आवाज आला, तर वस्तु गोळा करीत न बसतां उंच जागा गांठावी. पुलावरून पाणी वाहत असल्यास, पायीं वा वाहनानें, तो ओलांडूं नये. खालचा रस्ता शाबूत आहे कीं खचला, हें वरून दिसत नाहीं. रात्रीं तर मुळींच धाडस करूं नये. कोणी वाहूं लागल्यास मागोमाग उडी न घेतां दोर अथवा लांब काठी टाकावी आणि मोठ्यांस हांक मारावी.

पालकांस आमची एक विनंति आहे. उशीर झाला तर घरीं बोलणीं बसतील, या धास्तीनें मुलें भरल्या ओढ्यांत पाय घालतात. अशा दिवशीं शाळेंत किंवा अलीकडच्या ओळखीच्या घरीं थांबावें, असें त्यांस पावसाळ्यापूर्वींच सांगून ठेवावें. आणि मूल उशिरा आलें, तर तें थांबलें म्हणून त्यास शाबासकी द्यावी.