झाडावरचा कागद

चैत्री पुनवेला येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते. ऊन रणरणते. जो तो झाडाखाली जागा शोधतो. सावलीचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको.

आपल्या गावची पोरं कामासाठी पुण्याला जातात. तिथं रस्त्याकडेच्या झाडावर कधी एक कागद डकवलेला दिसतो. तो कसला असतो?

शहरांतली झाडं राखण्यासाठी १९७५ साली राज्यात कायदा झाला. त्याप्रमाणे शहरात वृक्ष प्राधिकरण असते. प्राधिकरण म्हणजे झाडांचा कारभार पाहणारी समिती. दर पाच वर्षांनी तिने झाडं मोजायची. झाड स्वतःच्या अंगणातले असले, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. कोणी तोडायला अर्ज केला, की झाडावर कागद लावतात. हरकत असेल तर मुदतीत लेखी कळवा, असे त्यात असते.

२०२१ साली कायद्यात भर पडली. झाडाचे जितके वय, तितकी रोपं लावायची. पण साठ रोपं लावली, म्हणून साठ वर्षांची सावली उद्या मिळते का?

खेड्यासाठी १९६४ चा वेगळा कायदा आहे. बांधावरचा आंबा, चिंच, जांभूळ तोडायलाही परवानगी लागते.

झाडाला लिहिता येत नाही. आपल्याला आता येते. शहरात गेलो आणि असा कागद दिसला, तर आपण थांबू. तो वाचू. हरकत असेल तर दोन ओळी लिहू आणि खाली सही करू. अंगठा नव्हे, सही!