स्विफ्ट किती खाली बसवावी?

प्रश्न : रोज पुण्याहून चाकणला स्विफ्टने जातो. ४० मिमीच्या लोअरिंग स्प्रिंगा टाकू का?

उत्तर : नको. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. ४० गेले की उरले १२३. नियमातला गतिरोधक १०० मिमी उंच असतो, आणि गल्लीतले नियम पाळतात कुठे! शिवाय मागे तिघे बसले की गाडी आणखी दबणार. २५ मिमीपुढे जाऊ नका. स्प्रिंग मूळपेक्षा थोडी कडक हवी, नाहीतर खड्ड्यात सस्पेन्शन बंप स्टॉपवर आपटेल. मात्र कडक स्प्रिंगला थकलेले शॉक अॅब्सॉर्बर आवरत नाहीत, गाडी उड्या मारते; ते आधी तपासा. मूळ स्प्रिंगा कापून देणाऱ्या गॅरेजकडे फिरकूही नका. बसवल्यावर व्हील अलाइनमेंट कराच, नाहीतर टायर एका कडेने झिजतील.