नाव आणि वस्तू : नाममात्रवादाची तोंडओळख

‘नॉमिनॅलिझम’ हा शब्द ऐकायला जड आहे, पण कल्पना सोपी आहे. लॅटिनमध्ये ‘नोमेन’ म्हणजे नाव. मराठीत याला नाममात्रवाद म्हणतात. म्हणणं एवढंच, की जगात फक्त सुट्या वस्तू आहेत. घोडे आहेत, पण सगळ्या घोड्यांत समान असलेलं ‘घोडेपण’ असं वेगळं काही नाही. ते आपण सोयीसाठी दिलेलं नाव.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरची, म्हणजे कॉलरीवाली. म्हणून उदाहरण कोळशाचंच देते. २०११ च्या अखेरपर्यंत नॉन-कोकिंग कोळशाच्या ए ते जी अशा सात ग्रेड होत्या. १ जानेवारी २०१२ पासून जी-१ ते जी-१७ आल्या. खाणीतला एक तुकडाही बदलला नाही, नावं बदलली. आता किलोमागे उष्णता ४३०० किलोकॅलरीच्या वर गेली तर जी-१०, नाहीतर जी-११. ही रेघ जमिनीखाली कुठेच नाही, कागदावर आहे.

मग दगडाला जी-१ म्हटलं तर बॉयलर पेटेल का? नाही! चौदाव्या शतकातल्या विल्यम ऑफ ऑकमसारखा नाममात्रवादी म्हणेल, तुकड्यांमधलं साम्य खरंच आहे. पण त्यासाठी ‘जी-१०पण’ नावाची आणखी एक वस्तू कशाला मानायची?

हा वाद आपल्याकडे त्याच्याही आधीचा. न्याय-वैशेषिक म्हणत, सगळ्या गायींत ‘गोत्व’ खरोखर असतं. अशा समान तत्त्वाला त्यांचा शब्द ‘सामान्य’ किंवा ‘जाती’. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी ते नाकारलं. त्यांच्या ‘अपोह’ सिद्धांतानुसार ‘गाय’ म्हणजे जे जे गाय नाही ते वगळणं, बस्स. याच धर्मकीर्तीने जातीचा अभिमान हे मूर्खपणाचं लक्षण मानलं.

इथे विषय आपल्या होस्टेलवर येतो. नवीन कुणी आलं की आपण ‘पूर्ण नाव काय?’ विचारतो. खरं तर आडनाव हवं असतं, खाना ठरवायला. जात हे नुसतं नाव आहे म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. ग्रेडवरून कोळशाचा भाव ठरतो, तसा या नावावरून पिढ्यान् पिढ्या माणसांचा भाव ठरला. त्यामुळे ‘जात खोटी आहे’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

कोळशाला ग्रेड देण्याआधी लॅबमध्ये बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये जाळून त्याची उष्णता मोजतात. माणसाला आपण नुसतं आडनाव ऐकून ग्रेड देतो.