जंप मारूनही स्टार्ट होईना

बेळगावच्या कॅम्पात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. जून लागला की सकाळी पहिला फोन ठरलेला: “जंप मारून बघितलो, तरी सेल मारंना.” त्या फोनांतून जमलेलं हे थोडं.

१. लगेच बॅटरीच्या दुकानात धावू नका. चांगली बॅटरी जोडूनही स्टार्टर फिरत नसेल, तर दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. आधी जंपर केबलच तपासा. स्वस्त केबलला वरून प्लॅस्टिक जाड आणि आत तार बारीक. लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टरसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. एवढा करंट त्या तारेतून जाणार कुठून? दुसरी गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, मग किल्ली फिरवा. काळा चिमटा शेवटी लावायचा, तोही बॅटरीपासून लांब, इंजिनच्या धातूवर. बॅटरीतून निघणाऱ्या गॅसजवळ ठिणगी नको.

२. कान द्या. भराभर टकटक झाली तर व्होल्टेज पडतंय. एकच टक् होऊन गप्प, तर सोलेनॉइड, कार्बन ब्रश किंवा अर्थ. आवाजच नाही आणि डॅशबोर्डही काळा, तर टर्मिनल किंवा मेन फ्यूज. डॅशबोर्ड झगझगीत पण आवाज नाही, तर रिले, क्लच स्विच असं काहीतरी. इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही आणि किल्लीचं चिन्ह लुकलुकतंय, तर बॅटरीला कशाला शिव्या द्यायच्या? इमोबिलायझर बघा.

३. अर्थ. माझं निम्मं पोट या एका पट्टीवर चालतं. निपाणीकडून एक जुनी डिझेल गाडी टोचन करून आणली होती. मालक एकच पालुपद लावून बसलेले, “कालच नवीन बॅटरी घातलोय की हो!” बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि सेल मारायला सांगितलं. तिथं ०.२ व्होल्टच्या आत दिसायला हवं. दिसले जवळजवळ तीन. बॅटरी आणि इंजिन यांच्यामध्येच एवढे व्होल्ट वाया जात होते. खाली वाकून पाहिलं तर अर्थची पट्टी वरून शाबूत, पण बोल्टाखाली हिरवी पूड आणि पावसाची माती. जंपर केबलचा काळा पदर बॅटरीच्या मायनसवरून सरळ इंजिनला लावला आणि गाडी पहिल्या सेलला सुरू झाली. मीटर नसेल तेव्हा हीच परीक्षा करावी. मग बोल्ट काढून, दोन्ही बाजू घासून, पट्टी आवळली. सामानाचा खर्च शून्य, त्यामुळे मजुरी सांगताना मलाच अवघड झालं.

४. चिमटे उलटे लागले असतील तर परत सेल मारू नका. मेन फ्यूज उडालेला असतो. तो बदलून गाडी सुरू झाली तरी डायनमोचे डायोड तपासून घ्या. खूण सोपी आहे: गाडी रात्रभर उभी असूनही सकाळी डायनमो हाताला कोमट लागतो. अशी गाडी दररोज जंप मागणार.

५. कॅम्पात लष्करी साहेबांच्या गाड्या महिनोन् महिने झाकून उभ्या असतात. बंद गाडीही पन्नास मिलिअँपिअरपर्यंत खातेच. दिवसाला १.२ अँपिअर-तास धरा, म्हणजे ३५ची बॅटरी महिन्याभरात उतरते. यात दोष शोधू नये, मायनस काढून ठेवावा. मात्र आकडा याहून बराच मोठा आला तर एकेक फ्यूज उपसून बघायचं. गाडी लॉक करून थोडं थांबा आणि मगच मोजा, कारण कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. उंदरांनी कुरतडलेली वायरही इथंच सापडते.

६. सुरू झालेल्या गाडीचं टर्मिनल काढून डायनमो तपासायची जुनी खोड अजून गेलेली नाही. कार्बुरेटरच्या काळात खपून गेलं. आता त्या झटक्यात ईसीएम जातो. बॅटरीवर मीटर धरा. १३.८ ते १४.४च्या आसपास आकडा आला तर डायनमो चार्ज करतोय. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, म्हणून हेडलाइट आणि पंखा लावून पुन्हा एकदा बघावं.